तळहाताचा घाम आणि चालकाची झोप

ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. एक कोयता लागलेले आणि दुसरे रात्री रस्त्यावर धडकलेले. या दुसऱ्या प्रकारातल्या माणसाला "कसं काय झालं?" असे विचारले, तर ठरलेले उत्तर येते, "डॉक्टर, काय कळलंच नाही बघा." पोलिसांना ही सबब वाटते. पण वैद्यकीयदृष्ट्या ते बरेचदा अगदी खरे असते. तीन-चार सेकंदांची डुलकी लागून गेली, तर ती लागली होती हे त्या माणसाला स्वतःला आठवत नाही. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी चार सेकंदांत ६५ मीटरहून अधिक अंतर काटते. तेवढ्या अंतरात पुढे बिनदिव्याची उसाची गाडी असली म्हणजे संपलेच.

मध्यंतरी आमच्या भागातल्या एका वाहतूकदाराने मला विचारले, "मनगटावर बांधायचं यंत्र निघालंय म्हणे, डुलकी आली की सांगतं. ड्रायव्हरांना घेऊन देऊ का?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नाही. म्हणून आजचा लेख.

आपल्या त्वचेतून वीज किती सहज वाहते हे मुख्यतः घामावर अवलंबून असते. तळहात आणि तळपाय येथील घर्मग्रंथी उन्हापेक्षा मनाच्या ताणाला अधिक जुमानतात. परीक्षेच्या हॉलमध्ये किंवा कोर्टाच्या पायरीवर हाताला घाम सुटतो तो याच कारणाने. मेंदू सावध झाला की सिम्पथेटिक नावाच्या मज्जातंतूंतून या ग्रंथींना इशारा जातो, एक ते तीन सेकंदांत किंचित ओल येते आणि त्वचेची वीज वाहण्याची क्षमता वाढते. डोळ्यांना घाम दिसणारही नाही, पण यंत्राला तो कळतो. फ्रान्समधील फेरे याने हे १८८८ मध्ये दाखवले. पुढे खोटे पकडण्याच्या यंत्रात हीच युक्ती वापरली गेली आणि बदनामही झाली, कारण घाम खोटेपणाने येतो तसा भीतीनेही येतो.

माणूस पेंगू लागला की याच्या उलट घडते. मेंदूकडून जाणारे इशारे विरळ होतात, तळहात कोरडा पडतो आणि त्वचेचा विद्युतरोध वाढतो. यावरून कोणी म्हणेल की मग झालेच काम, हात कोरडा पडला की भोंगा वाजवा. पण निसर्ग इतका सरळ नाही. गाढ झोपेत, विशेषतः रात्रीच्या पहिल्या भागात, पुष्कळ लोकांच्या त्वचेत या विद्युतलहरींचे अक्षरशः वादळ उठते. माणूस ढाराढूर झोपलेला असतो आणि हात मात्र सावध असल्यासारखे बोलत असतात! म्हणून झोपेची पक्की तपासणी करताना केवळ हातावर भिस्त ठेवत नाहीत. डोके, डोळ्यांच्या कडा, हनुवटी, छाती आणि पाय अशा अनेक ठिकाणी त्वचेवर तारा चिकटवून रात्रभर आलेख घेतात.

याहून मोठी गोम आपल्या महाराष्ट्रातल्याच एका उदाहरणाने समजते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला, हे आपण जाणतोच. १९५० च्या दशकात बागची आणि वेंगर हे अमेरिकेतील दोन संशोधक आपली यंत्रे घेऊन भारतभर योग्यांच्या शोधात फिरले, लोणावळ्यालाही आले. ध्यानस्थ योग्यांच्या तळहाताचा विद्युतरोध ७० टक्क्यांहून अधिक वाढल्याचे त्यांना आढळले. म्हणजे हाताकडे पाहिले तर हा माणूस पेंगतो आहे असेच वाटावे. पण मेंदूचा आलेख सांगत होता की तो ना झोपला आहे, ना पेंगला आहे. शांत जागेपणा आणि पेंग या दोन्ही अवस्थांत हात सारखाच वागू शकतो. नुसता हात पाहून चालकाला जोखायचे तर ही अडचण डोळ्यांआड करून चालणार नाही.

तरीही हे तंत्र टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. रेल्वेचेच पाहा. आपल्याकडे इंजिनात सावधानता यंत्र असते. चालकाने साठ सेकंदांत काहीच हालचाल केली नाही तर दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही प्रतिसाद आला नाही तर ब्रेक लागतात. मिरज-पुणे मार्गावर रात्री आपण निर्धास्त झोपतो त्यात याचाही वाटा आहे. पण सवयीचे बटण माणूस अर्धवट झोपेतही दाबू शकतो, जशी आपण पहाटे गजराची कळ दाबतो आणि नंतर आठवत नाही. म्हणून रशियाच्या रेल्वेत चालकाच्या मनगटावर पट्टा बांधून त्वचेच्या विद्युतलहरी मोजण्याची पद्धत आली. लहरी विरळ झाल्या की चालकाला विचारणा होते, उत्तर आले नाही तर गाडी थांबते. ही व्यवस्था मला पटते. कारण तेथे यंत्र निकाल देत नाही, फक्त शंका काढते. आणि मुख्य म्हणजे रुळावरची गाडी जागच्या जागी थांबवता येते. खंबाटकीच्या वळणावर ट्रकचे ब्रेक आपोआप लागले, तर मागून येणाऱ्याचे काय?

आमच्या ट्रॅक्टरवाल्याच्या हाताला तर आणखी अडचणी. वर्षानुवर्षे काम करून घट्टे पडलेला तळहात, जुना मधुमेह असला तर घामाच्या नसाच दुबळ्या झालेल्या, त्यात मार्चचे ऊन. शिवाय सर्दीसाठी दुकानातून परस्पर घेतलेली गोळी. क्लोरफेनिरामाइनसारखी जुनी औषधे घाम कमी करतात आणि झोपही आणतात. ही गोळी घेऊन रात्रीच्या खेपेला निघणारे मी दर हंगामात पाहतो.

आता दुसरा भाग. विजेने झोप मोजता येते, तशी ती हाकलताही येईल का? फिजिओथेरपीवाल्यांकडे दुखऱ्या कमरेला सौम्य विजेचे यंत्र लावतात ते अनेकांनी अनुभवले असेल. तशाच सौम्य विजेने मानेवरच्या त्वचेतून व्हेगस नावाच्या नसेला चेतवता येते. अमेरिकी हवाई दलाने ४० जणांना ३४ तास जागे ठेवून हा प्रयोग केला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना वीज दिली ते कामात अधिक सावध राहिले, थकवाही कमी जाणवला, आणि परिणाम बरेच तास टिकला. अशी बातमी वाचली की माझ्या पोटात गोळा येतो. लढाऊ विमानाच्या वैमानिकासाठी ते ठीक असेल, पण हेच यंत्र स्वस्त होऊन आपल्या बाजारात आले तर ते कोणाच्या मानेला लागेल हे सांगायला नको. त्या चालीसच्या चालीस जणांवर डॉक्टरांची नजर होती. आपल्याकडे पेसमेकर बसवलेला किंवा फिट्स येणारा माणूसही मित्राचे यंत्र सहज लावून बघेल. आणि प्रश्न एवढाच नाही. जागे ठेवण्याचे साधन हाती आले की झोपेचे तास आणखी कापले जातात. चहा, तंबाखू, मोठ्या आवाजातली गाणी हे सारे त्यासाठीच तर चालू आहे.

माझे मत स्पष्ट आहे. चालकाचा रोग यंत्राअभावी झालेला नाही, तो झोपेअभावी झालेला आहे. ऑस्ट्रेलियात १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले की सलग १७ तास जागा असलेला माणूस, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकाच ढिला होतो. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्याला मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. म्हणजे तोंडाला नळी लावून आपण ज्याला पकडतो त्याहून वाईट अवस्थेतला माणूस नाक्यावरून सलाम ठोकून पुढे जातो. अमेरिकेत २००३ साली आणखी एक गोष्ट समोर आली. रोज सहाच तास झोप दिलेल्या निरोगी माणसांची सावधपणाची परीक्षा दोन आठवड्यांत इतकी बिघडली की जणू एक-दोन रात्री ते झोपलेच नव्हते. आणि ते स्वतः मात्र सांगत होते की आम्ही बरे आहोत. "मला सवय आहे, डॉक्टर" या वाक्याची किंमत तेवढीच समजावी.

पूर्वी बैलगाडीत गाडीवान झोपला तरी बैल त्याला बरोबर कारखान्यावर नेत. ट्रॅक्टरला तेवढी अक्कल नाही. पण खेपेवर पैसे, घेतलेली उचल फेडायची घाई, आणि काट्यापुढे नंबर लागण्यासाठी तासन्‌तास ताटकळणे, हे सगळे त्या चालकाच्या वाट्याला आहे. ट्रॅक्टरवर बसून ताटकळणे म्हणजे विश्रांती नव्हे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास सुट्टी अशी चौकट घातली होती. कायदे बदलले तरी शरीराचे गणित बदललेले नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कारखान्यांनी काट्याजवळ एक अंधारी, पंखा असलेली, डास नसलेली खोली बांधली आणि झोपलेल्याचा नंबर जाणार नाही अशी चिठ्ठीची सोय केली, तर मनगटी पट्ट्यांपेक्षा ती स्वस्त पडेल. कारखान्यांच्या संचालकांनी यावर विचार करावा. वाहतूकदारांनीही एका गाडीवर दोन चालक ठेवण्याची तयारी दाखवावी. खर्च वाढेल हे मला मान्य आहे.

त्या वाहतूकदाराला मी सांगितले, पट्टे नंतर घ्या, आधी तुमच्या चालकांच्या बायकांना विचारा. जो रात्री मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास अडकून दचकतो, सकाळी उठल्यावर डोके जड असल्याची तक्रार करतो आणि दिवसा बसल्या जागी पेंगतो, त्याला झोपेत श्वास अडण्याचा आजार असू शकतो. मान जाड आणि पोट सुटलेले असले तर संशय अधिक. अशा माणसाची रात्रभराची तपासणी करून घ्यावी, कारण तो आठ तास झोपूनही न झोपल्यासारखाच असतो, आणि यावर उपचार आहेत. बाकीच्यांनी डोळे जड झाले की कुठे तरी सुरक्षित जागी रस्त्याच्या बाहेर गाडी घ्यावी, मागचे दिवे चालू ठेवावेत, चहा प्यावा आणि लगेच वीस मिनिटे आडवे व्हावे. चहाचा अंमल चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो.