अंगणातील वीज

विजेवर चालणारी मालमोटार घराच्या मीटरला जोडावी आणि तारा तुटून सारी पेठ अंधारात बुडाली तरी आपले घर उजळत ठेवावे, ही सोय आता कल्पनेतील राहिलेली नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीने २०२२ मध्ये बाजारात आणलेल्या अशा मालमोटारीच्या मोठ्या बॅटरीत सुमारे १३० युनिट वीज साठत असे. तेथील घराला ती तीन दिवस पुरेल, असा कंपनीचा दावा होता. आपल्याकडेही २०२३ मध्ये टाटांच्या नेक्सॉन मोटारीत बाहेरची उपकरणे चालविण्याची व्यवस्था आली. सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराच्या घरात दोन दिवे नि दोन पंखे पाच तास चालले, तर जेमतेम एक युनिट खर्च होते. म्हणजे अमेरिकन कुटुंबाच्या तीन दिवसांत येथील सव्वाशे घरांची एक रात्र सहज निघावी! तंत्राशी आमचे भांडण नाही.

भांडण आहे ते ही सोय कोणाच्या अंगणात उभी राहते, याविषयी. बंगल्यासमोरची मोटार दिवसाचा बहुतेक वेळ उभीच असते. तिची बॅटरी रात्रीतून रिकामी झाली तरी मालकाचे अडत नाही. चादरींचे गठ्ठे वाहणाऱ्या विजेच्या टेंपोवाल्याचे तसे नाही. त्याच्या बॅटरीतील वीज म्हणजे उद्याची कमाई आणि कर्जाचा हप्ता. ती दिव्यापंख्यांत जाळली तर सकाळी गाडी जागची हलणार नाही. आणि ज्याची मजुरी नगावर ठरते, त्या माग कामगाराचा तर माग थांबला की रोजच बुडाला. त्याच्या दारात ना मोटार, ना टेंपो.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात नायजेरियाच्या रेल्वेचे उदाहरण घेतले आहे. भुईमुगाच्या वाहतुकीसाठी मालमोटारी उपलब्ध झाल्या, तेव्हा स्पर्धेमुळे रेल्वे सुधारावी, ही पाठ्यपुस्तकी अपेक्षा. घडले उलटेच. ज्यांच्या तक्रारीला वजन होते, ते गिऱ्हाईक मालमोटारींकडे गेले. रेल्वेला धारेवर धरणारे कोणी उरले नाही, आणि तिचा कारभार ढासळलेलाच राहिला. (येथेही मालमोटारच यावी, हा योगायोग!) आधी जनित्र, मग इन्व्हर्टर, आता मोटार: प्रत्येक पायरीवर वीज कार्यालयात जाब विचारणारा एकेक वजनदार ग्राहक कमी होतो. मागे उरतो तो पूर्व भागातील विडी वळणाऱ्या बाईचा आवाज, आणि तो कोण ऐकतो?

तरीही बंगलेवाल्यांची ही सुटका अर्धीच आहे. सोलापूरला उजनीचे पाणी विजेच्या पंपांनी येते. पंपगृहाची वीज गेली की आधीच काही दिवसांआड येणारी पाण्याची पाळी आणखी पुढे जाते, आणि तेथे कोणाच्याही अंगणातील बॅटरी कामास येत नाही. त्याच उजनीच्या पाण्यावर फताटेवाडीचे १,३२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र चालते. वीज उशाशी तयार होते; अडते ते तारा, रोहित्रे आणि त्यांची देखभाल यांपाशी.

पुण्यात २००६ मध्ये उद्योगांची स्वतःची जनित्रे ऐन मागणीच्या वेळी चालवून शहराला भारनियमनातून सोडविण्यात आले होते, तेही नियामक आयोगाच्या संमतीने. शहराबाहेरचा अंधार त्याने हटला नाही, हे खरेच. पण खाजगी साठा नियमाने सार्वजनिक उपयोगात आणता येतो, एवढे त्यातून दिसले. मग जनतेच्या पैशातून अनुदान मिळालेल्या विजेच्या वाहनांवर तशी अट का नको? वादळात तारा पडल्या, तर आगारातील बस आधी प्रसूतिगृहाला जोडली जावी, अशी योजना महापालिकेने आखावी. दरम्यान, आपल्या शाखांनी या उन्हाळ्यात प्रभागवार वीज केव्हा गेली आणि केव्हा आली, याची वही ठेवावी. मुदतीत पुरवठा पूर्ववत न झाल्यास ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद आयोगाच्या विनियमांत आहे. त्या वहीच्या आधारे कामगार वस्त्यांतून भरपाईचे अर्ज एकगठ्ठा दाखल करता येतील.