डोंगल घेताय? आधी खोकं उलटं करून वाचा

पंधरा-सोळा लाखांची गाडी घ्यायची, तिला फोन वायरशिवाय जोडता येत नाही म्हणून वर तीन-चार हजारांचं डोंगल घ्यायचं, आणि ते धड चाललं तर नशीब समजायचं. हा व्यवहार आपण इतक्या मुकाट्याने पत्करला आहे की शोरूममध्ये कुणी साधा आवाजही चढवत नाही. मला याची चीड येते.

तंत्र काही कालचं नाही. फोन गाडीच्या स्क्रीनवर आणणारं अ‍ॅपलचं कारप्ले मार्च २०१४ मध्ये जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये आलं, गूगलचं अँड्रॉइड ऑटो त्यानंतर वर्षभराने. वायरशिवाय कारप्ले चालवण्याची सोय अ‍ॅपलने २०१५ मध्येच, आयओएस ९ बरोबर दिली. अँड्रॉइड ११ आल्यापासून, म्हणजे २०२० पासून, ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय असलेल्या जवळपास प्रत्येक अँड्रॉइड फोनला ते जमू लागलं. तरी आपल्याकडे त्यानंतर काय विकलं गेलं? ह्युंदाई आणि किया यांच्या अनेक गाड्यांत मधल्या व्हेरियंटच्या ८ इंची स्क्रीनला वायरलेस, आणि टॉप मॉडेलच्या १०.२५ इंची स्क्रीनला वायर. ज्याने जास्त पैसे मोजले त्याच्या पदरात कमी सोय! सेल्टॉस, व्हर्ना घेणाऱ्या कित्येकांना हे डिलिव्हरी घेतल्यावर कळलं. पुढे २०२५ मध्ये ह्युंदाईने स्वतःच काही मॉडेलांबरोबर वायर्डचं वायरलेस करणारं अ‍ॅडाप्टर द्यायला सुरुवात केली. म्हणजे इलाज होता. तोवर गिऱ्हाइकाने तो बाजारात जाऊन आपापला शोधायचा होता.

ओरड केली तर कंपन्या ऐकतात, हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेत बीएमडब्ल्यूने २०१९ च्या मॉडेलांपासून कारप्लेला पहिल्या वर्षानंतर वर्षाला ८० डॉलर भाडं लावलं. गाडी तुमची, फोन तुमचा, आणि दोघांना एकमेकांशी बोलू देण्याचं भाडं कंपनीला! लोक संतापले, उघड बोलले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये ते भाडं रद्द झालं. आपल्याकडे तसा दबाव कुणी आणला? आपण ऑनलाइन गेलो आणि सगळ्यात स्वस्त डोंगल कोणतं ते शोधलं.

हे डोंगल करतं काय, ते नीट समजून घ्या, कारण विकणारा सांगणार नाही. गाडीच्या यूएसबीत बसलेली ही डबी गाडीला भासवते की वायरने जोडलेला फोन मीच आहे. तिकडे तुमच्या फोनशी ती आधी ब्लूटूथवर ओळख करून घेते, त्याला आपल्या वाय-फायवर ओढते, आणि मग चित्र, गाणी, स्क्रीनवर लागलेलं बोट हे सगळं त्या वाय-फायवरून ये-जा करतं. गाडीत मुळात वायरवालं कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो नसेल तर ही डबी कुचकामी आहे. जुन्या मिररलिंकच्या स्क्रीनला ती चालत नाही, नुसत्या ब्लूटूथच्या टेपला चालत नाही. तरीही ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं खोक्यावर छापून ती राजरोस विकली जाते. याला फसवणूक म्हणतात.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच मोठी. तुमचा फोन आणि तुमची गाडी यांच्या मध्ये एक तिसरा संगणक येऊन बसला. तुम्ही कुठे निघालात तो नकाशा, कुणाचा फोन आला ते नाव, मोठ्याने वाचून दाखवला जाणारा व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप, सगळं त्याच्यातून जातं. मग तो कुणी बनवला आणि त्याच्यातलं सॉफ्टवेअर कोण दुरुस्त करणार, हा पहिला प्रश्न हवा. गिऱ्हाईक विचारतं ते भलतंच. काळं आहे का पांढरं, लाइट लागतो का, अजून कमी होईल का.

पुण्यात तापकीर गल्लीतल्या एका काउंटरवर मी निरनिराळ्या नावांची खोकी शेजारी शेजारी ठेवून उघडायला लावली. आतली पत्रकं शब्दशः एकच. त्यांच्या इंग्रजीतल्या चुकाही त्याच जागी. वाय-फायचा पासवर्ड सगळ्यांचा एक ते आठ आकडे. खोकी उलटी केली तर मागे आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, तक्रारीसाठी फोन नंबर नाही. दुकानदार म्हणाला, “साहेब, गॅरंटी नाय, पण मालाची तक्रार पण नाय.” तक्रार येणार कुठून? करायची कुणाकडे तेच छापलेलं नव्हतं.

पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किंमत, माल कोणत्या देशातला आहे ते आणि ग्राहकाने कुणाशी संपर्क साधायचा ते छापलंच पाहिजे, असं वैधमापनशास्त्राचे २०११ चे नियम सांगतात. ऑनलाइन विक्रीतही विकणाऱ्याची ओळख आणि मालाचा देश दाखवायला हवा, ही २०२० च्या ई-कॉमर्स नियमांची अट आहे. वाय-फाय आणि ब्लूटूथचं उपकरण आयात करायचं तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मान्यता लागते. हे कायदे कागदावर झोपले आहेत आणि त्यांना उठवायची गरज कुणालाच वाटत नाही.

पासवर्डाची गोष्ट किरकोळ समजू नका. कार्लिनकिट हे या बाजारातलं सगळ्यात ओळखीचं नाव. त्यांच्या एका मॉडेलच्या हॉटस्पॉटमध्ये परवलीचा तपशील कारखान्यातच कायमचा कोरलेला आहे, अशी त्रुटी २०२५ मध्ये झीरो डे इनिशिएटिव्ह या सुरक्षा-त्रुटी शोधणाऱ्या उपक्रमाने जाहीर केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑलिगो सिक्युरिटीच्या संशोधकांनी अ‍ॅपलच्या एअरप्लेमधल्या त्रुटी उघड केल्या, त्यांची झळ कारप्लेच्या उपकरणांनाही पोचत होती. अ‍ॅपलने आपल्या बाजूने दुरुस्ती केली. पण ती ज्याच्या त्याच्या उपकरणापर्यंत पोचवायची कुणी? ज्याने ते बनवलं त्याने. आणि तुमच्या डबीवर तर बनवणाऱ्याचं नावच नाही.

म्हणून माझी पहिली अट ही: फर्मवेअरचे, म्हणजे डबीच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट सातत्याने देणारा, नाव-गाव असलेला उत्पादक. फोनची प्रणाली दरवर्षी बदलते आणि एखाद्या अपडेटनंतर काल चाललेलं डोंगल आज मुकं होतं. एएवायरलेससारखं, २०२० मध्ये लोकवर्गणीतून उभं राहिलेलं आणि स्वतःच्या अ‍ॅपमधून अपडेट देणारं उपकरण मी दोन पैसे जास्त देऊन घेईन. मोटोरोलाचं २०२२ मधलं एमए१ गूगलच्या परवान्याच्या तंत्रावर चालतं, पण फक्त अँड्रॉइडला. घरात एक जरी आयफोन असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

लोक म्हणतात, एवढं काय मनावर घ्यायचं, गाणीच तर ऐकायची आहेत. नाही. कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो ज्यासाठी आहेत ते म्हणजे गाडी चालवताना हात फोनकडे जाऊ नये. खंबाटकीच्या उतारावर, मागे ट्रक असताना, स्क्रीन काळी पडते आणि नकाशा गायब होतो. चालवणाऱ्याचा हात कुठे जातो? सरळ फोनकडे. खाली बघून तो वाय-फाय चालू-बंद करतो, डबी उपटतो, परत खोचतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ गाडी चालवताना हातात फोन वापरणं धोकादायक ठरवतं, पहिल्या गुन्ह्याला हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा कैदही आहे. दंडाचं सोडा. त्या चार-पाच सेकंदांत समोरच्याचे ब्रेक लागले तर? घाटात तुटणारं डोंगल हे माझ्या लेखी सदोष ब्रेकइतकंच गंभीर आहे, आणि ते ‘थोडं लॅग होतं’ म्हणून चालवून घेणाऱ्यांशी मी वाद घालतो, घरच्यांशीसुद्धा.

तीच डबी मोठी करून ‘एआय बॉक्स’ म्हणून विकतात, तिच्यात यूट्यूब आणि सिनेमे चालतात. चालत्या गाडीत ड्रायव्हरसमोर सिनेमा लावणाऱ्याशी मला काही बोलायचं नाही. विकणाऱ्याशी आणि बसवून देणाऱ्याशी बोलायचं आहे: हे बंद करा.

आणि वायरीची इतकी लाज का? वायर फोन चार्ज करते. वायरलेसवर वाय-फाय, जीपीएस आणि मोबाइल डेटा एकदम चालतात, बॅटरी भराभर उतरते, मग माणूस सिगारेट लायटरच्या जागी चार्जर लावून दुसरी वायर जोडतो. वायर गेलीच नाही! वायरलेस चार्जिंगच्या पॅडवर ठेवला तर मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे फोन इतका तापतो की चार्जिंग स्वतःहून थांबतं. शहरात दिवसभर चढ-उतर करणाऱ्याला, भाजी घेऊन पुन्हा गाडीत बसणाऱ्याला वायरलेसचं सुख खरं आहे, ते मी नाकारत नाही. पुणे-नागपूर जाणाऱ्याने चांगली वायर घ्यावी.

काही गाड्यांत चावी काढल्यावरही यूएसबीला वीज राहते, हेही कुणी सांगत नाही. तुम्ही घरात पोचता, फोन वाजतो, तुम्ही ‘हॅलो, हॅलो’ करता, आणि पलीकडच्याचा आवाज खाली पार्किंगमधल्या बंद गाडीत येत असतो. आईचा दवाखान्यातून फोन असला म्हणजे यातली गंमत संपते.

घ्यायचंच ठरलं असेल तर परत घेण्याची मुदत असलेल्या ठिकाणाहून, पक्क्या बिलावर घ्या आणि त्या मुदतीत त्याचा जीव काढा. घाटातून न्या. नकाशा चालू ठेवून लांबलचक कॉल करा, पलीकडच्याला आवाज फाटतो का ते विचारा. घरातले दोन फोन एकाच वेळी गाडीत ठेवा आणि कोणता जोडला जातो ते पाहा. गाडी दुपारच्या उन्हात तासभर उभी करून मग सुरू करा. एकदा जरी तुटलं तरी परत करा, ‘होतं असं’ म्हणून ठेवून घेऊ नका. आणि पुढची गाडी घेताना शोरूममध्ये तुमचा स्वतःचा फोन तुमच्या हाताने जोडून पाहा, ज्या व्हेरियंटचे पैसे भरणार त्याच व्हेरियंटला. डेमोची गाडी दुसऱ्या व्हेरियंटची असेल तर बुकिंगचा चेक फाडू नका.