एकादशी, दुप्पट खाशी!



दिवाळीत पुण्याहून भाचा बऱ्हाणपूरला आला. सकाळी समोर गरम मावा जलेबी ठेवली, तर म्हणाला, “मामी, अकरापर्यंत मी काही खात नाही. आणि आज माझा लो-कार्ब डे आहे.” सासूबाई हसल्या, “म्हणजे एकभुक्त धरलंस की रे!”

खरंच, एकभुक्त आपल्या घरांत नवीन नाही. अलीकडे डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवायची पद्धत घराघरांत पोहोचवली. भाच्याचा प्रकार त्याच्या जवळचाच. सगळं खाणं सकाळी ११ ते संध्याकाळी ७ मध्ये. व्यायामाच्या दिवशी भात, भाकरी, केळी जास्त. इतर दिवशी ते कमी आणि डाळ, उसळ, दही, भाज्या जास्त. यालाच कार्ब सायकलिंग म्हणतात.

यामागचं गणित सोपं आहे. बराच वेळ पोट रिकामं राहिलं की यकृतातला ग्लायकोजेनचा साठा उतरतो आणि शरीर चरबी जास्त वापरू लागतं. व्यायामाच्या दिवशीची भाकरी स्नायूंमधला साठा पुन्हा भरते. पण पहिल्याच आठवड्यात काटा दोन किलो खाली आला म्हणून हुरळून जाऊ नका. एक ग्राम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्राम पाणी साठलेलं असतं, आधी तेच जातं. म्हणून काट्याबरोबर कंबरही मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा मानतात.

घड्याळात जादू नाही, हेही लक्षात ठेवा. २०२२ साली चीनमधल्या १३९ लठ्ठ व्यक्तींच्या वर्षभराच्या अभ्यासात दोन्ही गटांनी सारखंच कमी खाल्लं. एका गटाने आठ तासांत, दुसऱ्याने दिवसभरात. वजनात फारसा फरक पडला नाही. आठ तासांची चौकट उपयोगी पडते ती रात्रीचा शेव-चिवडा सुटतो म्हणून. त्याच आठ तासांत दराबा आणि जलेबी भरपूर झाली, तर आपली जुनी म्हण खरी होते: एकादशी, दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. त्यात बटाटा, तूप, दाण्याचं कूट. तो दिवस उपासाचा असेल, पण लो-कार्ब नक्कीच नाही.

आता मुख्य गोष्ट. भाच्याचं पाहून आमच्या ह्यांनीही दुसऱ्या दिवशी नाश्ता सोडला. मधुमेहाची गोळी मात्र रोजच्यासारखी घेतली. साडेदहाला दरदरून घाम, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळू लागलं. भाच्याने मशीन लावलं, साखर ५८! तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग जेवायला वाढलं. त्या दिवशी आम्ही सगळेच घाबरलो होतो. डॉक्टर म्हणाले, “उपास करायचा असेल तर आधी मला विचारा, गोळीचं प्रमाण बदलावं लागतं.”

म्हणून तरुण मंडळींनो, आपला प्रयोग घरच्यांना नीट समजावून सांगा. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे, गर्भवती आणि बाळाला पाजणाऱ्या आया, वाढत्या वयाची मुलं, आणि ज्यांना कधी खाण्याचा विकार झाला आहे, त्यांनी हे मनाने करू नये.

बाकीच्यांनी सुरुवात बारा तासांपासून करा. रात्री आठला जेवण, सकाळी आठला नाश्ता. दोन आठवड्यांनी अंगवळणी पडलं की तासभर वाढवा. पाणी भरपूर प्या आणि दोन्ही वेळच्या ताटात डाळ, उसळ, दही किंवा अंडं असू द्या, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

आणि जलेबी? भाच्याने ती रविवारी दुपारी खाल्ली, पोहून आल्यावर. दोनच!