वाटा मालकाचा, भार कोणावर?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही श्रमसंहिता देशात अमलात आल्या. त्यांतील सामाजिक सुरक्षा संहितेने मालकाच्या वाट्याचा पाया रुंदावला आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरची रक्कम आता वेतनातच धरली जाईल. मुदतीच्या करारावरील कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे. मालकाचा खर्च यामुळे वाढेल, आणि तो वाढलाच पाहिजे. प्रश्न आहे तो अखेरीस कोणाच्या माथी बसतो, हा.

कारखानदार वाढीव खर्च मालाच्या किमतीत घालू शकतो. रुग्णालयातील आया, बालगृहातील काळजीवाहक, वृद्धाश्रमातील परिचारिका यांच्या सेवेचे तसे नाही. जिथे शासनच या सेवेचे ग्राहक असते, तिथे तिचा दर निविदेतून वा अनुदानातून ठरतो. दर गोठलेला आणि मालकाचा वाटा वाढलेला, अशा कोंडीत कंत्राटदार आपला नफा सोडत नाही. तो माणसे कमी करतो. दोघींचे काम एकीवर पडते आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण हाकेला ओ मिळण्याची वाट पाहत राहतो.

ब्रिटनने हा अनुभव नुकताच घेतला. तेथे एप्रिल २०२५ पासून राष्ट्रीय विम्यातील मालकाचा वाटा १३.८ टक्क्यांवरून १५ टक्के झाला आणि तो ज्या वार्षिक वेतनापासून लागू होतो ती मर्यादा ९,१०० पौंडांवरून ५,००० पौंडांवर आली. सार्वजनिक आरोग्यसेवेला सरकारने या वाढीची भरपाई दिली. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या खाजगी व धर्मादाय संस्थांना दिली नाही. वास्तविक त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग स्थानिक स्वराज्य संस्थांनी ठरवलेल्या दरांतूनच येतो. एका हाताने कर वाढवायचा आणि दुसऱ्या हाताने दर रोखायचा, हे समाजवादी धोरण नव्हे.

आपल्याकडचे शासन याच्याही पुढे गेले आहे. ते स्वतः मालक असूनही मालकपणच नाकारते. हर्सूलसारख्या शहराच्या कडेच्या श्रमिक वस्तीत मूल अंगणवाडीत ठेवून कामावर जाणारी आई ज्या सेविकेच्या भरवशावर असते, ती सेविका शासनाच्या लेखी 'मानसेवी' आहे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अर्धशतक उलटले, तरी तिचा मोबदला 'मानधन'च राहिला. केंद्राने २०१८ साली सेविकेसाठी दरमहा ४,५०० आणि मदतनिसासाठी २,२५० रुपये ठरवले. सेविका-मदतनिसांना १९७२ च्या कायद्यानुसार ग्रॅच्युइटी देय आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी दिला. तरीही डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील अंगणवाडी भगिनींना ५२ दिवस संप करावा लागला, आणि ग्रॅच्युइटी ही त्यांची एक मागणी होती.

मालकाचा वाटा कमी करा, म्हणजे सेवा वाचतील, असा सल्ला उद्योगपतींचे पाठीराखे देतील. जुलै २०१९ मध्ये राज्य कामगार विम्यातील मालकाचा वाटा ४.७५ टक्क्यांवरून ३.२५ टक्क्यांवर आणला गेला. त्या सवलतीतून सेवेतील माणसे वाढावीत अशी कोणतीही अट मात्र घातली नव्हती. उलट महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने वेगळी वाट दाखवली होती: मजुरीवर मालकाकडून ठरावीक लेव्ही घ्यायची आणि ती त्रिपक्षीय मंडळामार्फत हमालाच्या भविष्यनिर्वाह निधीपर्यंत व ग्रॅच्युइटीपर्यंत पोचवायची.

शुश्रूषेच्या क्षेत्रात तेच करावे लागेल. प्रत्येक शासकीय निविदेत व अनुदानात मालकाचा वाटा वेगळा दाखवला जावा, त्यावर बोली लावण्यास मनाई असावी आणि वाटा वाढेल त्या दिवसापासून दरही वाढावा. अंगणवाडी सेविका व आशा यांना कर्मचारी म्हणून मान्यता मिळावी. महापालिका आणि जिल्हा परिषद यांच्या कंत्राटांच्या अटी मागवून तपासणे, हे कार्यकर्त्यांनी आता हाती घ्यावयाचे काम आहे. दुर्बलांची काळजी हे समाजाचे कर्तव्य असेल, तर तिची पूर्ण किंमतही समाजानेच मोजली पाहिजे. ती सेविकेच्या पोटातून कापून घेता येणार नाही.