लिहा, नाहीतर सोडून द्या

हा अंक हाती पडेल तेव्हा निकाल लागलेले असतील, पुस्तकांच्या याद्या घरोघरी गेलेल्या असतील आणि अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत गणवेशाच्या दुकानांसमोर पालकांच्या रांगा लागू लागल्या असतील. जूनच्या मध्यावर शाळा भरतील. त्यानंतरच्या पंधरवड्यात मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर जे पालक ताटकळतील, त्यांतल्या बऱ्याच जणांना अभ्यासक्रमाबद्दल काही विचारायचे नसेल. बुटांबद्दल, मोज्यांच्या पट्ट्यांबद्दल, रिबिनीच्या रंगाबद्दल आणि मुलाला गेटवर का उभे केले याबद्दल विचारायचे असेल. दरवर्षीचे आहे, होईल शांत, असे म्हणून आपण ते पंधरा दिवस निभावून नेतो. यंदा तसे करू नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहोत.

पालकांना गणवेशच नको आहे, असा एक समज स्टाफरूममध्ये रुजला आहे. तो चुकीचा आहे. उपनगरातला पालक गणवेशाचा विरोधक नाही. रोज सकाळी मुलाने काय घालायचे हा प्रश्न मिटतो, सोसायटीतल्या आणि चाळीतल्या मुलांत कपड्यांवरून भेद दिसत नाही, हे त्याला पटलेले आहे. त्याची तक्रार निराळी आहे. नियम नेमका काय आहे हे त्याला कुणी एकदाच, स्पष्टपणे सांगत नाही. आणि मोडला की मात्र तो त्याला लगेच कळतो.

एक बुटांचेच उदाहरण पाहा. डायरीत छापलेले असते: ‘काळे बूट, पी.टी.च्या दिवशी पांढरे बूट’. जुलैत पाऊस धरतो. अंधेरीचा सबवे तुंबतो, रिक्षा अर्ध्या वाटेवर सोडून देते, मूल पाण्यातून चालत येते. बुधवारी भिजलेले कॅनव्हासचे बूट गुरुवारीही ओलेच असतात. आई वर्गशिक्षिकेला विचारते, पावसाळ्यात काळे फ्लोटर्स चालतील का? बाई म्हणतात, चालतील हो, काही हरकत नाही. आई दुकानात जाऊन फ्लोटर्स आणते. शुक्रवारी गेटवर पर्यवेक्षक उभे असतात. ते म्हणतात, हे चालणार नाही, डायरी वाचा. डायरीत पावसाळ्याबद्दल अवाक्षर नसते. बाई खोटे बोललेल्या नसतात आणि पर्यवेक्षकही चूक नसतात. दोघांनी आपापल्या समजुतीप्रमाणे नियम लावलेला असतो. पैसे मात्र आईचे गेलेले असतात आणि प्रार्थनेच्या वेळी रांगेबाहेर मूल उभे असते.

आपल्या शाळांत पोशाखाचा नियम एका जागी राहत नाही. थोडा डायरीत असतो, थोडा दुकानदाराला तोंडी सांगितलेला असतो, थोडा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री नऊला येतो आणि उरलेला गेटवर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात असतो. या चार ठिकाणचे नियम एकमेकांशी जुळतात की नाही, हे तपासण्याची जबाबदारी कुणावरच नसते. हे केवळ गाफीलपणातून होते असे म्हणणे सोपे आहे. खरे म्हणजे मोघम नियम आपल्याला सोयीचा असतो. ‘केस नीटनेटके असावेत’, ‘पोशाख शोभेसा असावा’, ‘दागिने टाळावेत’ असे लिहून ठेवले की कुणाला सोडायचे आणि कुणाला अडवायचे हे ऐनवेळी ठरवता येते. ही मोकळीक शाळेला मिळते आणि तिची किंमत मूल मोजते.

मोघम नियमाचा जाच कसा असतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. १५ मार्च २०२४ रोजी राज्य सरकारने शिक्षकांच्या पोशाखाबद्दल शासन निर्णय काढला. जीन्स नको, टी-शर्ट नको, गडद रंगाचे किंवा चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, शिक्षकांनी शर्ट खोचून पँट. शिक्षक संघटनांनी नाराजी व्यक्त केली. गडद म्हणजे किती गडद? इरकलचा जांभळा गडद धरायचा का? नक्षी चित्रविचित्र आहे हे ठरवणार कोण, मुख्याध्यापक की विस्तार अधिकारी? हे प्रश्न रास्तच होते. पण हेच प्रश्न सातवीतल्या मुलीची आई विचारते, तेव्हा तिला ‘आर्ग्युमेंटेटिव्ह पॅरेंट’ हा शिक्का बसतो. जो खुलासा आपण सरकारकडे मागितला, तो पालकांना देणे आपले काम आहे.

नियम मुलापासून फार लांबवर ठरला की काय होते, हेही त्याच सुमारास दिसले. ‘एक राज्य, एक गणवेश’ ही योजना तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी २०२३ मध्ये पुढे आणली. काही शाळांनी आधीच कपडे शिवायला टाकले होते, म्हणून त्या वर्षी तीन दिवस शाळेचा आणि तीन दिवस सरकारचा गणवेश अशी तडजोड सुचवली गेली. २०२४-२५ मध्ये सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी कापडखरेदी राज्यस्तरावर गेली आणि शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडे आले. आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट कागदावर ठरली, पण अनेक मुलांना स्वातंत्र्यदिनी ती घालता आली नाही. ज्यांना मिळाली त्यांतल्या कित्येकांना ती ढगळ किंवा तोकडी झाली, कारण माप घेणारा मुलासमोर उभाच नव्हता. अखेर २० डिसेंबर २०२४ च्या निर्णयाने गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. सरकारने निर्णय फिरवला म्हणून हसण्याचे कारण नाही. मुलाच्या अंगाला काय बसते हे मुलाच्या जवळच्या माणसांनी ठरवावे, हे सरकारने दीड वर्षात मान्य केले. खासगी शाळा वर्षानुवर्षे मान्य करीत नाहीत.

तिसरे उदाहरण कॉलेजचे आहे, पण आपल्या दारातले आहे. चेंबूरच्या ना. ग. आचार्य आणि दा. कृ. मराठे महाविद्यालयाच्या पोशाखनियमाविरुद्ध नऊ विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. हिजाब, टोपी, बॅज यांवरच्या बंदीबद्दलचा तो वाद वाचकांना माहीत आहे. २६ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅजवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली, वर्गात बुरख्याला मात्र परवानगी दिली नाही. मुलांचा धर्म उघड होऊ नये हा हेतू असेल तर टिळा आणि टिकलीवरही बंदी घालणार का, असे खंडपीठाने विचारले. या वादाच्या धार्मिक आणि घटनात्मक बाजूबद्दल इथे मत देण्याचा हेतू नाही. आपल्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. याचिकेप्रमाणे तो नियम विद्यार्थिनींपर्यंत आधी व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या संदेशातून पोहोचला होता. ज्या नियमाची देशाच्या सर्वोच्च न्यायालयात छाननी होऊ शकते, तो असा पाठवायचा नसतो.

आणि हा प्रश्न कॉलेजपुरता नाही. उपनगरातल्या एकाच वर्गात राखी बांधलेला मुलगा असतो, नवरात्रात मेंदी काढलेली मुलगी असते, हातात कडे आणि डोक्यावर पटका असलेला शीख मुलगा असतो, काळा दोरा किंवा ताईत घातलेले मूल असते आणि सोमवारी केसात गजरा माळून येणारी तमिळ घरातली मुलगीही असते. यांतले काय चालते आणि काय नाही, हे शाळेने आधी ठरवून सगळ्यांना सारखे सांगितले असेल तर फारसा वाद होत नाही. न सांगता एखाद्याच्या मनगटावर कात्री चालवली की दुसऱ्या दिवशी गेटवर गर्दी जमते, आणि त्या गर्दीला शिस्त समजावून सांगायची वेळ तेव्हा टळून गेलेली असते.

मग नियम करायचा कुणी? अनुदानित आणि पालिकेच्या शाळांत शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांसाठी असतात. विनाअनुदानित शाळांना ते कलम लागू नाही, पण २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने तिथेही पालक-शिक्षक संघ सक्तीचा केला आहे. वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत तो स्थापन व्हायला हवा आणि त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवडायची असते. या समितीपुढे आपण फी ठेवतो, कारण ठेवावीच लागते. गणवेश तिच्यापुढे ठेवायला कुणी मना केलेले नाही. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याने नियमाचा मसुदा आधी वाचला, तर त्यातल्या फटी तिथेच सापडतात.

मसुदा लिहायचा कसा, हेही एका नियमावर करून पाहू. ‘केस व्यवस्थित असावेत’ हा नियम नव्हे, सदिच्छा आहे. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘खांद्याखाली येणारे केस बांधलेले असावेत, एक वेणी, दोन वेण्या किंवा पोनीटेल यांपैकी काहीही चालेल. रिबीन किंवा बो काळा अथवा निळा. खांद्याखाली केस येणाऱ्या मुलग्यांनाही हाच नियम. धार्मिक कारणाने केस राखणाऱ्यांना केस कापायला सांगितले जाणार नाही. तेल लावणे ऐच्छिक.’ पाच वाक्ये झाली. आता वर्गशिक्षिका, पी.टी.चे सर, पर्यवेक्षक आणि शिपाईमामा यांना वेगवेगळा अर्थ लावायला जागा उरत नाही. बूट, मोजे, स्वेटर, रेनकोट, पी.टी.चा ड्रेस, हाऊसचा टी-शर्ट, वाढदिवसाचे रंगीत कपडे, दागिने, सणावाराच्या खुणा यांबद्दल अशीच चार-पाच वाक्ये लिहिली की सगळी नियमावली दोन पानांत बसते. ती शाळेच्या माध्यमाच्या भाषेत असावीच, शिवाय घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेतही असावी. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतल्या सगळ्याच आया इंग्रजी नियमावली सहज वाचत नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या पानांवर तारीख असावी आणि शंका आली तर कुणाला विचारायचे हेही असावे. त्या व्यक्तीने दिलेले उत्तर गेटवर मानले गेले पाहिजे. जे या दोन पानांत नाही त्यावरून मुलाला अडवायचे नाही, ही अट समितीच्या ठरावातच घालावी.

नियम मोडल्यावर काय, याबद्दल तर काही शाळा काहीच लिहीत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे आणि तसे करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. दुसरीतल्या मुलाला बुटांसाठी तासभर वर्गाबाहेर उभे करणे या कलमात बसते का, याची परीक्षा आपल्या शाळेत व्हायला नको. बूट मूल विकत घेत नाही. तेव्हा चिठ्ठी पालकांना जावी, मुदत द्यावी आणि तोवर मूल वर्गात बसावे. पंचवीस टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांच्या बाबतीत तर आणखी जपायला हवे. नवा हाऊसचा टी-शर्ट आला नाही म्हणून नाव पुकारले, की त्या मुलाची घरची परिस्थिती अख्ख्या वर्गाला कळते.

पैशाचा मुद्दा याला लागूनच येतो. सरकार एका गणवेशाचे ३०० रुपये धरते. त्या पैशांत खासगी शाळेचा मोनोग्राम असलेला संच मिळत नाही, हे कुठल्याही दुकानात शिरल्यावर कळते. दिल्लीच्या शिक्षण संचालनालयाने २०२२ मध्ये खासगी शाळांना जवळच्या किमान पाच दुकानांची नावे जाहीर करायला लावली आणि गणवेशाचा रंग, डिझाइन तीन वर्षे बदलू नका असे बजावले. इंग्लंडने २०२१ मध्ये गणवेशाच्या खर्चावर स्वतंत्र कायदा केला आणि शाळेचे चिन्ह असलेले कपडे कमीत कमी ठेवा, असे त्यानंतरच्या मार्गदर्शनात सांगितले. आपल्याकडेही विशिष्ट दुकानाची सक्ती नको असे शिक्षण खाते सांगत आले आहे. सक्ती आता उघडपणे होत नाही. मोज्यावरची तीन रंगांची पट्टी एकाच दुकानात मिळते, एवढे पुरते. ती पट्टी शिकवण्याच्या कोणत्या कामाची आहे, हा प्रश्न समितीत विचारला गेला पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो अनुभवातून येईल: सगळे लिहून दिले की पालक त्यातून पळवाटा काढतील. ‘काळा किंवा निळा’ म्हटले की कुणीतरी चमकीचा निळा बो आणेल. आणेल, नक्की आणेल. पण पळवाट दिसली की पुढच्या बैठकीत ती बुजवता येते; मोघम नियमात पळवाट कुठे आहे हेच कळत नाही. सगळे लिहिल्याने शिक्षकाची पत जाते, असेही म्हटले जाईल. उलट आहे. ‘मी म्हणतो म्हणून’ असे सांगणाऱ्या शिक्षकाशी पालक वाद घालतात. पान उघडून दाखवणाऱ्याशी फारसा घालता येत नाही. स्पष्ट नियमाचा सगळ्यात मोठा फायदा गेटवर उभ्या असलेल्या माणसालाच होतो.

शाळा उघडायला अजून काही आठवडे आहेत. गेल्या वर्षीच्या डायरीतले गणवेशाचे पान काढा. त्यातले ‘योग्य’, ‘साधे’, ‘शोभेसे’, ‘नीट’ हे शब्द लाल पेनाने अधोरेखित करा. प्रत्येकापुढे नेमके काय चालेल ते लिहा. जिथे लिहिता येणार नाही, तो नियम काढून टाका. मसुदा शाळा सुरू होण्याआधी गेल्या वर्षीच्या समितीतल्या चार पालकांना, एका शिपायाला आणि आठवीतल्या दोन मुलींना वाचायला द्या. त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मजकुरात घाला. नवी समिती बसली की पहिल्याच बैठकीत ठराव करून घ्या. तोवर दुकानदाराला, वर्गशिक्षकांना आणि गेटवरच्या माणसांना तीच दोन पाने द्या आणि व्हॉट्सॲपवर त्यांच्या फोटोखेरीज गणवेशाबद्दल काहीही पाठवू नका.