अंदाजाने मिळालेली सवलत, हिशेबाने आलेले कर्ज

न्यूझीलंडचे करवर्ष आपल्याप्रमाणेच ३१ मार्चला संपते. त्यानंतर मेअखेरपासून जुलैपर्यंत 'इनलँड रेव्हेन्यू' हे तेथील महसूल खाते नोकरदारांना वार्षिक कर-आकारणीचे विवरण पाठवते. २०१९ पासून ही आकारणी बहुतांशी आपोआप होते. त्यामुळे सर्वसाधारण पगारदार ते विवरण वरवर पाहून बाजूला ठेवतो आणि त्याचे सहसा काही बिघडत नाही. मात्र ज्या कुटुंबाला मुलांसाठीची करसवलत मिळते, त्याच्यासाठी हा कागद केवळ कराची पावती नसतो. वर्षभर हाती आलेल्या पैशांपैकी आपले किती आणि परत करायचे किती, याचा निवाडा त्यात असतो.

'वर्किंग फॉर फॅमिलीज' ही योजना हेलन क्लार्क यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने २००४ च्या अर्थसंकल्पात आणली. नाव करसवलतीचे असले तरी प्रत्यक्षात ती रोख मदत आहे. मुलांचा मुख्यत्वे सांभाळ करणाऱ्या पालकाच्या बँक खात्यात ती दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला जमा होते. अडचण अशी, की ती ठरते पुढच्या वर्षभराच्या कौटुंबिक उत्पन्नाच्या अंदाजावर. मार्च २०२६ पर्यंत ४२,७०० डॉलरच्या वरच्या प्रत्येक डॉलरमागे २७ सेंट सवलत कमी होत असे. २०२५ च्या अर्थसंकल्पाने १ एप्रिल २०२६ पासून ही मर्यादा ४४,९०० डॉलर आणि कपातीचा दर २७.५ टक्के केला.

समजा, दोन मुलांच्या कुटुंबाने २०२५-२६ साठी ७० हजार डॉलरचा अंदाज कळवला. वर्षाच्या मध्यावर पत्नीला अर्धवेळ काम मिळाले, पतीने जादा तास केले आणि उत्पन्न ७८ हजारांवर गेले. दोघांच्या पगारातून कर बिनचूक कापला गेला, तरीही विवरणात २,१६० डॉलरचे देणे दिसणार. कष्ट वाढवल्याबद्दल झालेली ही वसुली आहे, असे त्या कुटुंबाला वाटले तर त्यास दोष देता येणार नाही.

म्हणून विवरण हाती येताच दोघांचेही उत्पन्न पूर्ण धरले आहे काय, हे प्रथम पाहावे. मुलांच्या नोंदी त्याखालोखाल महत्त्वाच्या. मूल १८ वर्षांचे होऊन शाळेबाहेर पडले असेल, किंवा पालक विभक्त होऊन त्याचा ताबा वाटला गेला असेल, तर त्या तारखा बरोबर हव्यात. खरी गफलत मात्र 'कौटुंबिक उत्पन्ना'च्या व्याख्येत होते. करपात्र पगारापेक्षा ही व्याख्या व्यापक आहे. मुलाच्या नावावरील ठेवींचे ५०० डॉलरवरील व्याज तीत येते. धंद्यातील किंवा भाड्याच्या घरातील तोटा मात्र वजा करू दिला जात नाही. यातील बऱ्याच गोष्टी खात्याला आपोआप कळत नाहीत, त्या कुटुंबानेच कळवायच्या असतात.

ऑकलंड-वेलिंग्टनकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना येथेच सावध राहावे लागते. पुण्यातील सदनिकेचे भाडे, बँकेतील मुदतठेवीचे व्याज, एवढेच नव्हे तर जोडीदार अद्याप भारतात नोकरी करीत असेल तर त्याचा पगारही या हिशेबात धरला जातो. दोन्ही देशांचे करवर्ष एकच असल्याने निदान आकडे जुळवणे सोपे जाते! आणखी एक बाब फारशी बोलली जात नाही. नव्याने आलेल्या रहिवाशाला परदेशातील भाडे, व्याज, लाभांश यांवर सुमारे चार वर्षे करमाफी असते. पण त्याने किंवा जोडीदाराने कौटुंबिक सवलतीसाठी अर्ज केला, की ही माफी संपते आणि ती पुन्हा मिळत नाही. भारतात मालमत्ता असलेल्यांनी अर्ज करण्यापूर्वीच ही बेरीज-वजाबाकी करून पाहावी.

तथापि, सारा दोष कुटुंबाच्या माथी मारणे न्यायाचे नाही. सरकारच्याच माहितीनुसार सप्टेंबर २०२४ मध्ये सुमारे ५७ हजार कुटुंबांकडे या योजनेची २७ कोटी डॉलरहून अधिक रक्कम थकलेली होती. इतक्या घरांचा अंदाज चुकत असेल, तर चूक अंदाज मागणाऱ्या पद्धतीची आहे. ब्रिटनने २००३ मध्ये अशाच धर्तीवर करसवलती सुरू केल्या, तेव्हा पहिल्याच वर्षी सुमारे दोन अब्ज पौंड जादा वाटले गेले. त्या वसुलीने गरीब घरे हवालदिल झाली. अखेर २००६ मध्ये वर्षभरातील २५ हजार पौंडांपर्यंतची उत्पन्नवाढ हिशेबात न धरण्याचे ठरले. ही मुभा पुढे टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आली आणि एप्रिल २०२५ मध्ये ती योजनाच बंद झाली.

न्यूझीलंड सरकारनेही २०२५ मध्ये वार्षिक अंदाजाऐवजी प्रत्यक्ष मिळालेल्या उत्पन्नावर दर तिमाहीस आकारणी करण्याचा प्रस्ताव चर्चेस ठेवला. कर्जाचा धोका टाळण्यासाठी संपूर्ण सवलत वर्षअखेरीस एकरकमी घेण्याचा पर्याय आहेच. पण ज्याला या पैशांतून आठवड्याचा किराणा भरायचा आहे, त्याला तो परवडत नाही. अशा घराने पगार बदलताच नवा अंदाज खात्याला कळवावा, कारण वर्षअखेरीस निघालेले देणे साधारणतः पुढील ७ फेब्रुवारीपर्यंत चुकवावे लागते.