धूळ कुठं खाल्ली, तेही कागदावर लिहा



मागच्या बैठकीत एका जुन्या साथीने विचारलं, "आपला अंक जमिनीचा. त्यात खोकल्याची गोष्ट कशाला?" प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे स्टेन्सिलची पानं मोजकी, आणि वनदाव्यांचं कितीतरी लिहायचं पडून आहे. तरी या वेळी संपादकीय खोकल्यावरच आहे. ज्याच्या पायाखाली जमीन नव्हती त्यालाच हा खोकला लागला, म्हणून.

होळीनंतर मी नर्मदेपलीकडे, अलीराजपूर जिल्ह्यात माझ्या फुईच्या गावी गेले होते. फुवा वारले त्याला आता दोन वर्षं झाली. डोंगरावर त्यांचं नेवाड होतं. जंगलवाले नांगर धरू देत नव्हते, त्यात पाऊस दगा देऊन गेला. मुकादम आला, उचल दिली, आणि फुवा गोध्र्याकडच्या एका कारखान्यात गेले. तिथं पांढरा गारेचा दगड दळतात. ते पीठ काच बनवायला जातं. फुवांचं काम गोण्या भरायचं. फुई सांगत होती, "संध्याकाळी आला की ओळखू यायचा नाही. पापण्यासुद्धा पांढऱ्या." तोंडाला फडकं बांधायचे. गूळ खाल्ला की धूळ उतरते, असं तिथं सगळे म्हणायचे. पण गूळ पोटात जातो, धूळ गेलेली असते फुप्फुसात. दोघांची गाठ कशी पडणार?

एक वर्षसुद्धा काम केलं नाही. परत आले तेव्हा नदीवरून घरापर्यंतचा चढ चढताना तीनदा बसले. दवाखान्यात सांगितलं, टीबी. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, एक दिवस चुकवला नाही. दम तसाच. पुन्हा गेले, पुन्हा टीबीच्याच गोळ्या. "काय काम करत होता?" हा एक प्रश्न शेवटपर्यंत कुणी विचारला नाही.

त्या आजाराचं नाव सिलिकोसिस. दगड दळताना जी धूळ डोळ्यांना दिसते ती नाकात, घशात अडकते, खाकरून निघते. जी दिसत नाही ती बारीक धूळ फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथंच बसते. तिच्याभोवती व्रण धरतात. जखम भरल्यावर कातडी कशी कडक होते, तसं फुप्फुस आतून कडक होतं, मग ते फुगत नाही. खाणीत, दगड फोडण्यात थोडी थोडी धूळ गेली तर दहा-वीस वर्षांनी दिसतं. पण बंद शेडमध्ये गारेचं पीठ दळणाऱ्याला काही महिन्यांतच धरतं. काम सोडलं तरी आजार थांबेलच असं नाही. बरं करणारं औषध नाही. दम कमी करायची औषधं आहेत, ऑक्सिजन आहे, तेवढंच.

इथे एक नीट समजून घ्या, नाहीतर माझ्या लिहिण्याने नुकसान होईल. धुळीने खराब झालेल्या फुप्फुसात टीबीही लवकर शिरतो. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. म्हणून बेडका तपासायचाच. टीबी निघाला तर गोळ्या पूर्ण खायच्या, मधे सोडायच्या नाहीत. पण बेडक्यात काही निघालं नाही, गोळ्यांनी दम हटला नाही, आणि माणूस दगडाच्या धुळीत राबलेला असेल, तर छातीचा फोटो काढायला लावा. डॉक्टरला कामाचं आपण होऊन सांगा: कुठं, कसली धूळ, किती महिने. फोटो आणि कामाची माहिती, दोन्ही जुळल्यावरच डॉक्टरला हा आजार ओळखता येतो.

नावाला एवढं महत्त्व का? टीबीने मेला तर नशीब. सिलिकोसिसने मेला तर मालक जबाबदार. कामगार कायद्यात हा आजार कळवण्याच्या यादीत आहे, डॉक्टरने निरीक्षकाला लिहून कळवायचं असतं. भरपाईच्या कायद्यातही तो आहे. नाव चुकलं की हे सगळं कायदे पुस्तकातच राहतात. आणि घरात एकामागून एक तरणी पोरं जायला लागली की लोक काय म्हणतात तेही आपल्याला ठाऊक आहे. कुणा विधवेवर डाकणीचा आळ येतो. कारखान्याची धूळ आणि मार खाणार गावातली बाई.

अलीराजपूर, झाबुआकडच्या लोकांनी हे सोडलं नाही. तिथल्या संघटनांनी गावोगाव फिरून मेलेल्यांची आणि आजाऱ्यांची यादी केली. त्यावरून राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये सांगितलं की २३८ मृतांच्या वारसांना गुजरात सरकारने प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत. पैसे तरी मिळाले नाहीत. शेवटी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाला हुकूम करावा लागला. ज्यांचं नाव यादीत नव्हतं, त्यांचं काय? माझ्या फुवांचं नव्हतं. कारखान्याने हजेरी कार्ड दिलं नाही, पगाराची चिठ्ठी नाही, मुकादमाने फोन बदलला.

आपल्या बाजूचे लोक ऊसतोडीला जास्त जातात, हे खरं. पण खडी मशीनवर, खाणीत, बोअरच्या गाडीवर जाणारेही आहेत. प्रत्येक गावात दोन-चार घरं निघतील. म्हणून आमचं म्हणणं, येत्या ग्रामसभेपासून एक वही ठेवा. गावाबाहेर कामाला जाणाऱ्याचं नाव, कामाचं ठिकाण, काम कसलं, मुकादम कोण, गेला कधी, आला कधी. गाडीचा नंबर मिळाला तर तोही. वनहक्क समितीच्या सचिवाला लिहिता येतं, त्यांनीच हे करावं. वेगळी कमिटी काढली की चहातच वेळ जातो, हा अनुभव आहे. आणि तालुक्याच्या दवाखान्यात आपण निवेदन देणार आहोत की केसपेपरवर कामाचा रकाना भरल्याशिवाय खोकल्याचा रुग्ण परत पाठवू नये.

आता जमिनीचं. फुवा गेले तेव्हा त्यांचा वनदावा मंजूर व्हायचा होता. फुई चौकशीला गेली तर उत्तर मिळालं, "दावेदार मयत आहे, फाईल बंद." हे साफ चूक आहे. २००६ च्या कायद्यात वनहक्क वारसाला जातो, आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानेच द्यायचा असतो. आपल्याकडे ज्या दाव्यांवर फक्त पुरुषाचं नाव आहे, ते सगळे दावे बाहेर काढून बायकोचं नाव लावून घ्या. माणूस कामावर गेलेला असताना मोजणीवाले आले, तर बाईने शेतावर उभं राहून सही-अंगठा द्यायचा.

फुईचा धाकटा मुलगा सोळा वर्षांचा आहे. मी निघाले त्या दिवशी मुकादमाचा माणूस अंगणात बसलेला होता. फुईने त्याला पाणी दिलं आणि फाईलचं उत्तर येईपर्यंत पोरगा कुठं जाणार नाही, असं सांगितलं. वारसाचा अर्ज आम्ही दोघींनी मिळून लिहिला आहे. त्याची नक्कल संघटनेच्या ऑफिसात ठेवली आहे, ज्यांना तसा करायचा असेल त्यांनी येऊन उतरवून घ्यावा.